क्रूझवर जाताय? अनुभवी प्रवाशांचे सल्ले आणि डॉक्टरांचे मत

क्रूझ म्हणजे मोठ्या जहाजातून केलेली सहल. राहणे, जेवण, करमणूक सगळे जहाजावरच. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणारी कॉर्डेलियाची क्रूझ सुरू झाली आणि ही सहल मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. सिंगापूरच्या टूरमध्येही आता दोन-तीन रात्रींची क्रूझ असते. परदेशी राहणारी मुले-मुली आई-वडिलांना अलास्का किंवा कॅरिबियन बेटांच्या क्रूझवर नेतात.

सेलू, जिंतूर, मंठा या पट्ट्यातून आमच्या देवगाव फाट्याच्या दवाखान्यातही आता हा प्रश्न येऊ लागला आहे: "डॉक्टर, बाबांना शुगर आहे, बीपी आहे, जहाजावर नेले तर चालेल का?" समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्यांना बोटीचा अनुभव नसतो. मग आधी जाऊन आलेले नातेवाईक, शेजारी, सहकारी यांचे सल्ले घेतले जातात. त्यातले बरेचसे खरोखर उपयोगी असतात. पण निरोगी माणसाने दिलेला सल्ला आजारी माणसाला जसाच्या तसा लागू पडत नाही. म्हणून नेहमी ऐकू येणारे सल्ले इथे एकेक करून तपासून घेऊ.

आधी एक गोष्ट समजून घ्या: जहाजावर दवाखाना असतो, हॉस्पिटल नसते

मोठ्या क्रूझवर डॉक्टर आणि नर्स असतात. ईसीजी, ऑक्सिजन, सलाइन, इंजेक्शने, काही तपासण्या एवढी सोय साधारणपणे असते. उलट्या, ताप, किरकोळ जखम यांचे उपचार तिथे नीट होतात. मात्र अँजिओप्लास्टी, मोठे ऑपरेशन, डायलिसिस यांची अपेक्षा तिथे ठेवू नये. गंभीर रुग्णाला स्थिर करून पुढच्या बंदरावर उतरवले जाते आणि बंदर दूर असेल तर त्याला वेळ लागतो. लक्षद्वीपच्या बेटांवर सरकारी रुग्णालये आहेत, पण तिथलेही गंभीर रुग्ण कोचीला हलवावे लागतात.

म्हणजे घरी छातीत दुखले तर परभणी किंवा जालना किती लांब आहे हे आपल्याला माहीत असते. समुद्रात ते अंतर आपल्या हातात नसते. त्यामुळे क्रूझवरची खरी काळजी निघण्याच्या महिनाभर आधी, घरीच घ्यायची असते.

सल्ला १: "बोट लागू नये म्हणून खोली मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्या"

बरोबर आहे. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर हेलकावे कमी जाणवतात. पुढच्या टोकाला आणि सर्वात वर ते जास्त जाणवतात.

गाडी लागते तशीच बोट लागते. शरीर हलते आहे असे आतला कान मेंदूला सांगतो आणि बंद खोलीतल्या स्थिर भिंती पाहणारे डोळे सांगतात की काही हलत नाही. या विसंगतीमुळे मळमळ, घाम, चक्कर, उलटी होते. म्हणून त्रास सुरू झाला की मोबाइल आणि पुस्तक बाजूला ठेवा, मोकळ्या हवेत या आणि दूर क्षितिजाकडे बघा. ज्यांना घाटात एसटी लागते, ज्यांना अर्धशिशी आहे, त्यांना आणि लहान मुलांना त्रास जास्त होतो. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत अरबी समुद्र खवळलेला असतो. पहिलीच सहल असेल तर हिवाळ्यातली निवडा.

सल्ला २: "गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्या"

हेही बरोबर. उलट्या सुरू झाल्यावर पोटात गोळी टिकत नाही. प्रवास सुरू होण्याच्या किमान अर्धा ते एक तास आधी ती घ्यावी लागते, काही गोळ्या आदल्या रात्री घेतात.

पण कोणती गोळी, हे शेजाऱ्याला विचारून ठरवू नका. प्रोमेथाझिन (अ‍ॅव्होमिन), मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट, सिनारिझिन ही नेहमीची औषधे आहेत. त्यांनी कमी-जास्त प्रमाणात झोप येते. पुढील बाबतींत खास काळजी घ्या:

- काचबिंदू किंवा प्रोस्टेटची गाठ असेल तर यातल्या काही गोळ्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो किंवा लघवी अडू शकते.
- ज्येष्ठांना गुंगी येऊन तोल जातो. डोलणाऱ्या जहाजावर पडून खुब्याचे हाड मोडले तर सहल तिथेच संपते.
- या गोळ्यांसोबत दारू घेऊ नका.
- दोन वर्षांखालील मुलांना प्रोमेथाझिन देऊ नये.

अनेक जण उलटीसाठी घरात असलेली ऑन्डॅन्सेट्रॉन बरोबर नेतात. पोट बिघडून होणाऱ्या उलट्यांवर ती चांगली आहे, पण बोट लागू नये म्हणून तिचा फारसा उपयोग होत नाही. आले, आवळा सुपारी, लिंबाची फोड यांनी काहींना बरे वाटते आणि बेताने घेतल्यास अपाय नाही. फक्त त्यांच्यावर विसंबून गोळी टाळू नका.

नवी गोळी निघण्यापूर्वी एकदा घरी घेऊन पाहा. किती झोप येते ते कळेल.

सल्ला ३: "पोट रिकामे ठेवा, म्हणजे उलटी होणार नाही"

हा सल्ला चुकीचा आहे. रिकाम्या पोटी मळमळ वाढते. बिस्किटे, पोळी, साधा भात असे हलके अन्न थोडे थोडे खा. तेलकट, मसालेदार आणि पोटभर जेवण टाळा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहणे धोक्याचे आहे. शुगर एकदम उतरते, आणि घाम, थरथर, चक्कर या लक्षणांना घरचे "बोट लागली" समजून बसतात. अशा वेळी आधी ग्लुकोमीटरने शुगर बघा. ती ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्या.

सल्ला ४: "औषधे हातातल्या पिशवीतच ठेवा"

सगळ्या सल्ल्यांत मला हा सर्वात मोलाचा वाटतो. जहाजावर चढताना मोठ्या बॅगा जमा करून घेतल्या जातात आणि खोलीत पोहोचायला काही तास लागू शकतात. शेवटच्या दिवशीही बॅगा बऱ्याचदा आदल्या रात्रीच खोलीबाहेर ठेवायला सांगतात. त्यात गोळ्या गेल्या तर रात्रीचा आणि सकाळचा असे दोन्ही डोस चुकतात.

सहलीच्या दिवसांपेक्षा किमान आठवडाभराची जास्त औषधे घ्या. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे लिहून घ्या, कारण आपल्याकडचा ब्रँड परदेशात कोणी ओळखणार नाही. सिंगापूरला जाणार असाल तर झोपेच्या गोळ्या आणि कोडीन असलेली औषधे यांचे तिथले नियम कडक आहेत. काही औषधांना आगाऊ परवानगी लागते, त्याची चौकशी करा.

इन्सुलिनबाबत: वापरात असलेले पेन किंवा बाटली साधारण चार आठवडे सावलीत, ३० अंशांखाली चालते. वातानुकूलित खोलीत ते ठीक राहते. खोलीतला छोटा फ्रीज नीट थंड होतो का हे आधी पाहा. इन्सुलिन गोठले तर फेकून द्या.

सल्ला ५: "सॅनिटायझर आहे, मग काळजी नाही"

हे अर्धेच खरे आहे. जहाजावर शेकडो माणसे एकाच जेवणघरात जेवतात, तेच कठडे धरतात, त्याच लिफ्टची बटणे दाबतात. तिथे जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलच्या सॅनिटायझरने खात्रीने मरत नाही. जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबण-पाण्याने वीस सेकंद हात धुणे हाच उपाय.

श्वासाचे आजारही पसरतात. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या एका क्रूझवर ६६ जण कोविडबाधित आढळले होते. साठीच्या पुढच्यांनी, तसेच दमा किंवा मधुमेह असलेल्यांनी फ्लूची लस निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

जुलाब सुरू झाले तर लपवू नका. खोलीत बंद करून ठेवतील या भीतीने लोक सांगत नाहीत. त्यामुळे साथ वाढते आणि स्वतःचे उपचारही लांबतात.

सल्ला ६: "जेवणाचे पैसे भरलेत, चार दिवस पथ्य विसरा"

याला माझा विरोध आहे. एका सणाला पुरणपोळी खाणे वेगळे आणि चार दिवस दिवसातून पाच वेळा बुफे खाणे वेगळे. मधुमेहात शुगर चढते, बीपी आणि हृदयाच्या रुग्णांना लोणची, सूप, पापड, चिप्स यांतले मीठ बाधते, पायावर सूज येते आणि धाप लागते. एकच छोटी थाळी घ्या, आधी सॅलड आणि डाळ, गोड दोन घास. जेवणानंतर डेकवर फेरी मारा. समुद्रावरच्या वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही, पण अंगातले पाणी कमी होतच असते. पाणी पीत राहा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचे माप ठरवून दिले असेल तर ते पाळा.

सल्ला ७: "एक दिवस आधी मुंबईत पोहोचा"

आपल्या भागातल्या लोकांनी हे नक्की पाळावे. देवगाव फाट्यावरून सेलू स्टेशन, तिथून देवगिरीसारख्या रात्रीच्या गाडीने मुंबई आणि अपुऱ्या झोपेने, अवेळी खाऊन थेट जहाजावर, असे केले की पहिली रात्र उलट्यांतच जाते. मुंबईत एक रात्र नीट झोपा. जवळ जहाज सुटण्याच्या चिंतेत गोळ्यांच्या वेळा चुकतात, त्याही मग चुकणार नाहीत.

सल्ला ८: "बेटावर उतरलेच पाहिजे"

गुडघ्यांना आणि तोलाला विचारून ठरवा. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठे जहाज दूर थांबते आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जावे लागते. हलत्या बोटीत पाऊल टाकणे गुडघेदुखीच्या किंवा पार्किन्सन्सच्या रुग्णाला अवघड जाते. त्या दिवशी जहाजावर बसून समुद्र पाहण्यात कमीपणा नाही. न घसरणारी, मागे पट्टा असलेली चप्पल घाला, जिन्यात एक हात कायम कठड्यावर ठेवा. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या खोलीत रात्री मंद दिवा आणि सोबत माणूस हवाच, कारण नव्या जागेत असे रुग्ण रात्री गोंधळतात.

सल्ला ९: "विमा काढलाय ना, झाले तर मग"

विमा कशाचा, ते वाचा. जहाजावरच्या डॉक्टरांची फी बहुधा वेगळी आकारली जाते. आपली मेडिक्लेम पॉलिसी ती देईल असे गृहीत धरू नका, कंपनीला लेखी विचारा. परदेशी क्रूझसाठी दोन गोष्टी पाहा: आधीपासून असलेले आजार त्यात धरले आहेत का आणि जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च मिळतो का. फॉर्ममध्ये मधुमेह, बीपी, बायपास लपवले तर दावा नाकारला जाऊ शकतो.

कोणी आधी तपासणी करावी, कोणी सहल पुढे ढकलावी?

- गेल्या दोन-तीन महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठे ऑपरेशन झालेले
- थोडे चालल्यावर छातीत दुखणारे किंवा दम लागणारे
- डायलिसिसवर असलेले
- शुगर किंवा बीपी सतत अनियंत्रित असलेले, नुकतीच फिट आलेले
- गर्भवती: बहुतेक क्रूझ कंपन्या २४ आठवड्यांच्या पुढे प्रवेश देत नाहीत. त्याआधीही स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

जहाजावर तब्येत बिघडली तर

उलट्या-जुलाबात ओआरएस घोट घोट घ्या. मधुमेह आणि बीपीच्या काही गोळ्या (उदा. मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या) अंगातले पाणी कमी झाल्यावर तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणती थांबवायची, कधी सुरू करायची, हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करू नका.

पुढील लक्षणे दिसली तर पुढच्या बंदराची वाट न पाहता जहाजाच्या दवाखान्याला कळवा:

- छातीत दाब, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, अचानक दम
- तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे
- सहा-आठ तास लघवी न होणे, पाणीही न टिकणे
- गुंगी, असंबद्ध बोलणे, काळी शौच किंवा उलटीतून रक्त

पिशवीत काय हवे?

नेहमीची औषधे आणि त्यांची चिठ्ठी, अलीकडचा ईसीजी आणि तपासण्यांचे रिपोर्ट (मोबाइलमध्ये फोटोही), ग्लुकोमीटर व पट्ट्या, ग्लुकोज, बीपी मशीन, ओआरएस, पॅरासिटामॉल, बोट लागण्याची गोळी, दम्याचा पंप, जास्तीचा चष्मा. एका कार्डावर नाव, आजार, अ‍ॅलर्जी, रक्तगट आणि नातेवाइकाचा फोन नंबर लिहून ते रुग्णाच्या खिशात ठेवा, कारण समुद्रात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.

आजार आटोक्यात असलेल्या बहुतेक ज्येष्ठांना मी "जा" असेच सांगतो. ज्यांनी आयुष्यभर शेत, शाळा किंवा दुकान सांभाळले, त्यांनी सत्तरीत समुद्र बघायला हरकत काय? फक्त तिकीट काढण्याआधी एकदा डॉक्टरांना भेटा. आधी पैसे भरायचे आणि निघण्याच्या आदल्या दिवशी "फिट आहे" असे सर्टिफिकेट मागायला यायचे, असे करू नका. तोवर औषध बदलायलाही वेळ उरत नाही आणि सहल पुढे ढकलायलाही.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषधे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.)