तीन शेअरपत्रें आणि त्यांचें आयुष्य

जुन्या घरांतील दप्तरें चाळतांना पोथ्या, खतें व रोजकीर्दी ह्यांच्या जोडीस कधीं कधीं कंपन्यांचीं शेअरपत्रेंही सांपडतात. संशोधकाची दृष्टि त्यांवर सहसा ठरत नाहीं. पंचवीस वर्षांपूर्वीं एका परिचितांच्या वाड्यांत अमरकोशाच्या टीकेची प्रत शोधीत असतां अशा पत्रांचा एक जुडगा आमच्या हातीं आला होता. ‘ह्या साऱ्या बुडालेल्या कंपन्या’ असें घरधन्यानें सांगितलें. आम्हीं पोथी घेतली आणि जुडगा रद्दींत जाऊं दिला. ती आमची चूक होती, हें दाखविण्याकरितां प्रस्तुत लेख आहे.

एकाच कंपनीचा शेअर पिढ्यान्‌पिढ्या संग्रहीं ठेवल्यास काय होतें, ह्या प्रश्नाचें उत्तर लोक जगलेल्या कंपन्यांवरून देतात. उपलब्ध पोथ्यांवरून लुप्त ग्रंथांविषयीं निर्णय देण्यासारखेंच हें आहे. म्हणून एक अल्पायु, एक दीर्घायु होऊन निमालेली व एक अद्याप जिवंत, अशा तीन संस्थांचे शेअर येथें घेतों.

बँक ऑफ बॉम्बे इ. स. १८४० मध्यें स्थापन झाली. सरकार स्वतः तिचें एक भागधारक असल्यानें तिचा शेअर निर्धोक मानला जाई. इ. स. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील दक्षिणेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचें मोल आलें. आलेला पैसा नव्या कंपन्यांत शिरला. समुद्र हटवून जमीन करूं म्हणणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० रुपयांच्या आसपास गेल्याचें सांगतात. गोविंद नारायण माडगांवकर ह्यांचें ‘मुंबईचें वर्णन’ इ. स. १८६३ मध्यें छापलें गेलें, त्यामुळें पुढील पडझड त्यांत येणें शक्य नव्हतें. इ. स. १८६५ मध्यें युद्ध संपलें, कापूस उतरला, आणि १ जुलै ह्या वायद्याच्या दिवशीं अनेकांचीं देणीं फिटलीं नाहींत.

बँकेचें मुख्य काम कांहीं समुद्र बुजविण्याचें नव्हे. परंतु इ. स. १८६३ च्या कायद्यानें तारणाविषयींचे पूर्वींचे निर्बंध सैल झाले होते, आणि तिनें शेअर तारण घेऊन कर्जें दिलीं होतीं. तारणाचें मोल गेलें, तेव्हां सावधपणें बँकेचा शेअर घेणारा गृहस्थही सट्टेबाजाच्या पंक्तीस बसला. बहुतेक भांडवल बुडून इ. स. १८६८ मध्यें ती बँक विसर्जित झाली. त्याच वर्षीं जवळजवळ त्याच नांवाची नवी बँक निघाली. ती इ. स. १९२१ मध्यें इंपीरियल बँकेंत मिळाली व इ. स. १९५५ मध्यें तिची स्टेट बँक झाली. नांवांची वंशावळ अशी इ. स. १८४० पर्यंत अखंड दिसते, परंतु मूळ भागधारकाच्या संपत्तीची वंशावळ इ. स. १८६८ मध्येंच खुंटली. नांवावरून जुनें पत्र नव्या बँकेचें समजणाऱ्या संग्राहकानें हें ध्यानांत ठेवावें.

दुसरें उदाहरण नागपूरचें. जमशेटजी टाटा ह्यांनीं इ. स. १८७४ मध्यें १५ लक्ष रुपयांच्या भांडवलावर कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजीं एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस पिकतो त्या मुलखांतच गिरणी, रिंग पद्धतीच्या नव्या चात्यांचा लवकर केलेला स्वीकार आणि बेझनजी मेहता ह्यांची व्यवस्था, ह्यांमुळें ती भरभराटीस आली. भागधारकांच्या दोन-तीन पिढ्यांनीं हा शेअर अक्षय मानला असल्यास नवल नाहीं. परंतु पुढें जुन्या कापड गिरण्यांवर सर्वत्रच अवकळा आली. इ. स. १९८६ मध्यें ही गिरणी राज्याच्या महामंडळाकडे गेली व इ. स. २००२ मध्यें बंद पडली. शंभर वर्षांची परीक्षाही पुरेशी ठरली नाहीं.

तिसरें उदाहरण टाटांच्या पोलाद कंपनीचें. इ. स. १९०७ मध्यें, स्वदेशीच्या भरांत, तिचें भांडवल उभारलें गेलें. साधारण शेअर ७५ रुपयांचा व डिफर्ड शेअर ३० रुपयांचा होता, आणि सुमारें ८,००० हिंदी लोकांनीं तीन आठवड्यांत मागणी पुरी केली. पहिलें पोलाद इ. स. १९१२ मध्यें निघालें. पहिल्या महायुद्धानें कंपनीस तेजी दिली, तर युद्धानंतरच्या स्वस्त परदेशी पोलादानें तिला मरणाच्या दारीं नेलें. इ. स. १९२४ मध्यें दोराबजी टाटांनीं आपली खाजगी मालमत्ता गहाण ठेवून कर्ज काढलें, आणि त्याच वर्षीं संरक्षक जकातीचा कायदा झाला, म्हणून ती तगली. त्या वर्षीं कंटाळून शेअर विकणारा मनुष्य मूर्ख नव्हता. पुढचें त्यास ठाऊक नव्हतें, इतकेंच. इ. स. २००७ मध्यें ह्या कंपनीनें कोरस ही युरोपीय कंपनी घेतली आणि इ. स. २००८ च्या मंदींत शेअरचा भाव एका वर्षांत एक-चतुर्थांशाच्या आसपास आला. इ. स. २०२२ मध्यें १० रुपयांच्या एका शेअरचे १ रुपयाचे दहा शेअर झाले. म्हणून जुन्या पत्रावरील आंकड्याशीं आजचा भाव ताडून पाहणें व्यर्थ होय. मधले बोनस, नवे भाग, विभागणी व लाभांश ह्यांचा हिशेब लावल्याशिवाय नफा कळत नाहीं, आणि तोटाही कळत नाहीं.

तिन्ही पत्रें विकत घेतलीं त्या दिवशीं सारखींच विश्वसनीय होतीं. भेद काळानें केला. ज्या गृहस्थाचें सर्वस्व एकाच पत्रांत होतें, त्याचें भाग्य एका कायद्यावर, एका युद्धावर वा एका धन्याच्या उदारतेवर टांगलेलें होतें. अनेक कंपन्यांत थोडें थोडें ठेवणाऱ्यास असें टोंकाचें सुख नाहीं, पण तसा घातही नाहीं.

इ. स. १९९६ च्या कायद्यानंतर शेअर हळूहळू कागदावरून खातेनोंदींत गेले. जुनीं पत्रें आतां दप्तरांतच उरलीं आहेत, आणि त्यांतलीं बुडालेल्या कंपन्यांचीं सर्वांआधीं फेंकलीं जातात. संग्राहकांस विनंती अशी कीं, पत्रावरील दर्शनी व भरलेली रक्कम, पाठीवरील हस्तांतराच्या नोंदी आणि हप्त्यांच्या पावत्या जशाच्या तशा राखाव्या. एकाच घराण्यांतील सर्व पत्रांची यादी मिळेल, तेव्हांच त्या घराण्यानें काय मिळविलें व काय गमावलें, हें सप्रमाण सांगतां येईल. आमच्या हातीं आलेली अशी एक यादी आम्हींच रद्दींत घातली. दुसऱ्या कोणाकडून तसें न घडो.