पॅटरसन वास्तू : खाजगी घर ते लोकांचा ठेवा

फ्रीमाँट येथील पॅटरसन वास्तूचा इतिहास मननीय आहे. १८४९ साली सोन्याच्या शोधार्थ कॅलिफोर्नियात आलेल्या जॉर्ज पॅटरसन यांचा खाणींत जम बसला नाही. तेव्हा त्यांनी शेतीची कास धरली व १८५७ साली येथे साधे घर बांधले. सुबत्ता येताच १८८९ साली त्यास, इंग्लंडच्या राणी ॲनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीतील, प्रशस्त इमारत जोडण्यात आली. १८९५ मध्ये ते निवर्तले. पुढील पिढी तेथेच नांदली. कालांतराने भोवती वसाहती वाढल्या, तेव्हा ही मिळकत नगराकडे आली. १९८५ पासून आर्डनवुड ऐतिहासिक शेत सर्वांस खुले आहे. खाजगी उंबरठा सार्वजनिक झाला, म्हणूनच तो टिकला. जुन्या वास्तूंच्या वारसदारांनी हे ध्यानी घ्यावे.