बायबलकथाकथन व बालनाट्य, खानदेशातील

मुलांना बायबलमधील पाठ गोष्ट सांगून, गाऊन आणि प्रसंग करून दाखवून शिकवण्याची ख्रिस्ती मंडळ्यांतील पद्धत. जळगाव, धुळे आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार या जिल्ह्यांत ती मुख्यतः रविवारच्या शब्बाथशाळेत, उन्हाळी सुटीतल्या बायबल वर्गात (बोलीत ‘व्हीबीएस’) आणि नाताळच्या कार्यक्रमात दिसते. शब्बाथशाळेत गोष्ट असते, व्हीबीएसमध्ये गोष्ट आणि अभिनयगीत, नाताळात पूर्ण नाटक. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. म्हणून सुटीतले वर्ग सकाळच्या गारव्यात उरकून मुलांना ऊन तापायच्या आत घरी धाडावे लागते.

पद्धतीचे मूळ बायबलातच आहे. गरिबाची एकुलती एक मेंढी श्रीमंताने पाहुण्यासाठी कापली, ही गोष्ट नाथान संदेष्टा दावीद राजाला सांगतो. राजा संतापतो आणि ‘तो माणूस तूच’ हे कळल्यावर आपले पाप कबूल करतो. यिर्मया मानेवर जू घेऊन यरुशलेमेत फिरतो. यहेज्केल विटेवर नगराचा नकाशा कोरून तिला वेढा घालतो. वल्हांडणाच्या विधीत तर मुलांनी ‘हे कशासाठी?’ असे विचारायचे आणि वडिलांनी मिसर देशातून सुटकेची हकिकत सांगायची, असा दंडकच आहे. येशूची शिकवण बव्हंशी दाखल्यांतून आहे. हे दाखले पेरणी, मेंढरे, भाकरी, दिवा, हरवलेले नाणे अशा घरच्याच वस्तूंचे आहेत. युरोपात असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी गव्हाणीचा जिवंत देखावा मांडला आणि नाताळच्या नाट्याला लोकरूप मिळाले. रविवारच्या शाळांची चळवळ १७८० च्या सुमारास इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स याने वाढवली. भारतातील अशा शाळांची संघटना १८७६ मध्ये अलाहाबादला उभी राहिली.

मराठीत या कामाची परंपरा चारशे वर्षांची आहे. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) या जेझुइट धर्मगुरूने लिहिलेले क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापले गेले. त्याच्या सुमारे अकरा हजार ओव्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा आहे. गोव्याच्या साष्टी भागातल्या नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती. ती मोडण्याऐवजी स्टीफन्सने त्याच सवयीला नवी कथा दिली. एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांनी हेच कीर्तनात केले. १८६२ च्या सुमारास अहमदनगरला ख्रिस्ती कीर्तन सुरू झाले आणि कृष्णराव सांगळे यांनी ते नावारूपाला आणले. पूर्वरंग, उत्तररंग, झांज-मृदंग सगळे जुनेच, आख्यान मात्र योसेफाचे किंवा उधळ्या पुत्राचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो असे मानत. त्यांनी भजन-कीर्तनाला कवीचा हात दिला. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाई टिळकांनी पुढे नेले. १८७० च्या दशकात अमेरिकन मिशनने मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिकही काढले. बायबल मुलांच्या आणि खेड्यातल्या बायकांच्या कानाला रुचावे ही तळमळ पंडिता रमाबाईंच्या सोप्या मराठीतील भाषांतरात दिसते. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले.

टिळकांचा धागा खानदेशाशी एका वाटेने जुळतो. धरणगावात जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ हे नाव मिळाले आणि पुढे नगरला टिळकांच्या घरी त्यांना मुलासारखा आसरा मिळाला. बायबलशिक्षणाच्या इतिहासात ही नोंद आडवाटेची वाटेल. पण पक्षी, फूल, झरा यांच्याशी बोलणारी जी भाषा या घराने मराठीला दिली, तीच मुलांना गोष्ट सांगणाऱ्याच्या उपयोगाची आहे.

खानदेशात प्रॉटेस्टंट काम मुख्यतः दोन प्रवाहांनी आले. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या रेल्वेमार्गावरच्या गावांत ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही अमेरिकन संस्था होती. पश्चिमेकडे आणि तापीकाठच्या भागात स्कँडिनेव्हियन वंशाच्या मिशनऱ्यांचे काम होते. त्यांपैकी एक संस्था स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रान्सन याने १८९० मध्ये शिकागोत स्थापली. १९४९ पासून ती ‘टीम’ या नावाने ओळखली जाते. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय याच प्रवाहातले. कॅथलिक मंडळ्या १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. या सर्वांच्या शाळा-वसतिगृहांत नाताळच्या नाटकांची चाल रुजली. पाहुण्या मिशनऱ्यांनी रंगीत चित्रांच्या गुंडाळ्या आणि फलालीच्या फळ्यावर चिकटवायच्या आकृती आणल्या. ती चित्रे आकर्षक होती, पण त्यांतल्या माणसांचे चेहरे, घरे आणि डोंगर मुलांनी पाहिलेले नव्हते.

खानदेशातली बोली हा या पद्धतीचा कळीचा प्रश्न आहे. सपाटीवर अहिराणी, सातपुड्यात पावरी आणि भिलीच्या अनेक बोली, नवापूरकडे मावची अशी इथली भाषिक वस्ती आहे. बायबल वाचले जाते ते प्रमाण मराठीत. लहान मुलाला ‘तुझा भाऊ कोठे आहे?’ हा देवाचा काइनाला प्रश्न पाठ होतो, पण आजीने ‘तुना भाऊ कोठे शे?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो, कारण आता प्रश्न त्यालाच विचारलेला असतो. उधळा पुत्र ‘बाप, मी चुकनू’ म्हणत आला की पुढे काय होईल हे ऐकायला शेवटच्या ओळीतली मुलेही सरकून पुढे येतात. बोलीतून गोष्ट सांगितली तर वचन बिघडते, अशी भीती काही शिक्षकांना वाटते. ती निराधार आहे. वचन प्रमाण मराठीत पाठ करून घ्यावे आणि गोष्ट बोलीत सांगावी. दोन्ही एका तासात बसतात.

वस्तूंचेही तसेच. जक्कय येशूला पाहायला ज्या झाडावर चढतो ते मराठी बायबलात उंबर आहे. पॅलेस्टाइनचे झाड आपल्या उंबराचे भाऊबंदच. दोघांनाही फळे खोडाला घोसांसारखी लगडतात आणि फांद्या चढायला सोप्या. त्यामुळे बुटक्या जक्कयाची गोष्ट खानदेशी मुलाला समजावून सांगावी लागत नाही. अंगणात उंबर असेल तर वर्ग तिथेच भरवावा, एका मुलाला फांदीवर बसवावे, बाकीच्यांनी खाली गर्दी करावी आणि शिक्षकाने थांबून वर पाहावे. ‘खाली ये, आज तुझ्या घरी मुक्काम’ हे ऐकल्यावर फांदीवरचे मूल हसते. त्या हसण्यातच धड्याचा निम्मा भाग शिकवून होतो.

पेरणाऱ्याचा दाखला मात्र इथे अडतो. खानदेशी शेतकरी पाभरीने पेरतो. चाड्यावर मूठ असते आणि बी नळीतून सरळ तासात पडते. कापसाची सरकी तर टोकून लावतात. मग बी वाटेवर, खडकावर, काट्यांत पडेलच कसे? शेतकऱ्याचे मूल हा प्रश्न विचारतेच आणि तो बरोबर आहे. येशूच्या काळात तिथे बी हाताने फोकून पेरत, हे सांगायला हवे. मेथी-कोथिंबिरीचा वाफा कसा फोकतात हे मुलांनी घरच्या मळ्यात पाहिलेले असते. वाफ्याच्या कडेला, दगडावर पडलेले दाणे दाखवले की दाखला उलगडतो. मूठभर मेथी घेऊन मुलांनाच वाफ्यात पेरायला लावले आणि पुढच्या रविवारी कुठे काय उगवले ते पाहायला नेले, तर तो दाखला त्या मुलांना आयुष्यभर पुरतो.

हरवलेल्या मेंढराची गोष्ट धुळे-साक्रीकडे आणखी सोपी होते, कारण ठेलारी मेंढपाळांचे कळप मुलांनी रस्त्यावर पाहिलेले असतात. गोष्ट चालू असताना मुलांनी कळप व्हायचे, मेंढपाळ झालेल्या मुलाने मोजायचे. एक जण गुपचूप दाराआड लपलेला असतो. मोजणी चुकते आणि मेंढपाळ खरोखरच घाबरतो. नव्याण्णव सोडून एकासाठी का जायचे, हा वाद मग वर्गातच सुरू होतो. शिक्षकाने तो मिटवायची घाई करू नये. पाच भाकरी आणि दोन मासळ्यांच्या गोष्टीत भाकर ज्वारीची की कळण्याची, यावरही मुले बोलतात. बोलू द्यावे. भाकरीचा वास आला की गोष्ट जवळ येते.

नाताळचे नाटक या सर्वांत वरचे. गोठा आणि गव्हाण दारातच असते. मेंढपाळांच्या डोक्याला उपरणे, मागी राजांना साडीचे झगे, योसेफाला सुताराची करवत. दाढ्या कापसाच्या, आणि या जिल्ह्यांत कापसाला तोटा नाही. संवाद पाठ करून घेण्यात महिना जातो, आणि बहुतेक ठिकाणी पहिली चूक इथेच होते. पाठ केलेले संवाद मूल घाईघाईने, प्रेक्षकांकडे पाहत म्हणते. त्याऐवजी प्रसंग समजावून मुलांना आपल्या शब्दांत बोलायला लावले तर मरीया आणि योसेफ धर्मशाळेच्या दारात खरेच थकलेले दिसतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या मंडळ्यांत ढोल आणि गोल करून नाचण्याची रीत नाट्यात सहज मिसळते. तो नाच गौण समजून बाजूला सारणे योग्य नाही.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. उधळ्या पुत्राचे नाटक जवळजवळ सगळीकडे मेजवानीवर संपवतात, कारण तिथे गाणे असते आणि टाळ्या मिळतात. पण लूकच्या पंधराव्या अध्यायात गोष्ट तिथे संपत नाही. शेतातून आलेला थोरला भाऊ दाराबाहेर उभा राहतो, आत येत नाही, आणि बाप त्याची समजूत घालायला बाहेर जातो. तो आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलेच नाही. मंडळीतली बहुतेक मुले उधळी नसतात. ती दर रविवारी शब्बाथशाळेला येणारी, वचने पाठ असणारी, म्हणजे थोरल्या भावाच्या जागची असतात. त्यांच्यासाठी असलेला भाग कापला जातो. थोरल्या भावाला दाराबाहेरच उभा ठेवून पडदा पाडावा. मुले घरी जाताना त्याच्याविषयी भांडत जातील, आणि ते भांडण म्हणजेच या पाठाचे फळ.

गोष्टीतून मूल घडवण्याची ओढ खानदेशाला परकी नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहाच्या मुलांशी त्यांचे नाते आईसारखे होते. त्यांच्या ‘श्यामची आई’ची प्रकरणे ‘रात्र’ या नावाने येतात. रोज एक रात्र, रोज एक गोष्ट, उद्याची उत्सुकता ठेवून. बायबलचे वर्ग घेणाऱ्यांनी ही रचना मुद्दाम अभ्यासावी. योसेफाच्या चरित्राला पाच दिवस द्यावेत आणि त्याला विहिरीतच सोडून पहिला दिवस संपवावा. रोज गोष्ट पूर्ण करून तात्पर्य सांगितले तर दुसऱ्या दिवशी मुलाला यायचे कारण उरत नाही. तात्पर्य सांगण्याची घाई हे या पद्धतीचे सर्वांत मोठे नुकसान आहे. गोष्टीने जे मुलाच्या मनात उभे केले ते तात्पर्याचे शेवटचे वाक्य पुसून टाकते.

अलीकडे शहरांतील मंडळ्यांत छापील अभ्यासक्रम, अनुवादित संहिता आणि मोबाइलवरच्या चित्रफिती यांचा वापर वाढला आहे. त्यांनी शिक्षकाचे काम सोपे झाले, पण ख्रिस्ती कीर्तनाचा वारसा मुलांपर्यंत क्वचितच पोहोचतो. पेटी-ढोलकीवर आख्यान सांगू शकणारी माणसे वयस्कर आहेत. त्यांची आख्याने, नाताळसाठी हाताने लिहिलेल्या वह्या, आजींनी अहिराणी-मावचीत सांगितलेल्या गोष्टी बहुतांशी घराघरांतच आहेत. ज्यांच्याकडे अशी वही असेल त्यांनी ती मंडळीच्या कपाटात ठेवून तिची एक प्रत करून घ्यावी, आणि ज्यांच्या घरी गोष्ट सांगणारी आजी असेल त्यांनी येत्या नाताळाच्या आत तिचा आवाज फोनवर टिपून ठेवावा.