लेनिनग्राडचा वेढा : वाचलेल्यांची साक्ष

जर्मन फौजांनी ८ सप्टेंबर १९४१ रोजी लेनिनग्राडला (आजचे सेंट पीटर्सबर्ग) घातलेला वेढा २७ जानेवारी १९४४ पर्यंत, सुमारे ८७२ दिवस चालला. पहिल्या हिवाळ्यात, २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या काळात, कारकून, आश्रित व मुले यांच्या वाट्याला दिवसाकाठी १२५ ग्रॅम पाव येई. त्या पिठातही सेल्युलोज मिसळलेले असे. सुतारकामाचा सरस आणि कातडी पट्टे उकळून लोकांनी प्राण राखले. वाचलेल्यांच्या मुलाखती व रोजनिशा यांतून अलेस आदामोविच आणि दानील ग्रानिन यांनी ‘ब्लोकादनाया क्निगा’ (वेढ्याचे पुस्तक) सिद्ध केले. त्याचे काही भाग १९७७ मध्ये ‘नोवी मीर’ मासिकात आले, तेही सेन्सॉरची कात्री लागून. सत्ताधाऱ्यांना शौर्यगाथा हवी होती, भुकेचा तपशील नव्हे. खुद्द लेनिनग्राडमध्ये पुस्तक छापले जाण्यास १९८४ साल उजाडले.