बंद एक्स गुणसूत्र पुन्हा जागे होते तेव्हा: रेट सिंड्रोम आणि स्टेम सेल

रेट सिंड्रोमचे निदान झालेल्या मुलीचे आईवडील रिपोर्ट पाहून विचारतात, "डॉक्टर, दोनपैकी एकच जनुक खराब आहे ना? मग दुसरं चांगलं जनुक काम का करत नाही?" प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर एक्स गुणसूत्राच्या कामाच्या पद्धतीत आहे.

एक एक्स बंद का असतो?

मुलींच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रे असतात, तर मुलांच्या पेशींत एक एक्स आणि एक वाय. एक्सवर शेकडो जनुके आहेत. दोन्ही एक्स चालू राहिले तर त्या जनुकांचे काम दुप्पट होईल. म्हणून गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी आपला एक एक्स जवळजवळ पूर्ण बंद करते. ही कल्पना १९६१ मध्ये मेरी लायन या ब्रिटिश शास्त्रज्ञ महिलेने मांडली. एक्सआयएसटी नावाच्या जनुकापासून तयार होणारा आरएनए त्या एक्सवर पसरतो आणि त्याला कुलूप लागते.

आईकडचा एक्स बंद होणार की वडिलांकडचा, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. पण एकदा ठरले की त्या पेशीपासून पुढे तयार होणाऱ्या सर्व पेशी तोच निर्णय पाळतात. काळे-पिवळे ठिपके असलेली मांजर बहुधा मादीच असते, त्याचे कारण हेच. एका ठिपक्यात एक एक्स चालू असतो, दुसऱ्यात दुसरा.

रेट सिंड्रोममध्ये काय होते?

या आजारात एक्सवरील एमईसीपी२ हे जनुक बिघडलेले असते. हे १९९९ मध्ये समजले. मुलीच्या काही पेशींत चांगली प्रत चालू असते, तर काहींत बिघडलेली. या दुसऱ्या पेशींत चांगली प्रत असते, पण कुलपात. साधारण ६ ते १८ महिन्यांपर्यंत वाढ ठीक वाटते. नंतर बोलणे आणि हातांचा वापर कमी होतो, हात सतत चोळले जातात. बहुतेक मुलींत हा बदल नव्यानेच झालेला असतो. आईवडिलांची यात काहीही चूक नसते.

कुलूप उघडता येते का?

२००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींत चार जनुके घालून त्यांना स्टेम सेलसारख्या मूळ अवस्थेत नेले. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींतही हे जमले. २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासोबत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मादी उंदराच्या पेशी अशा प्रकारे मागे नेल्या की बंद एक्स पुन्हा चालू होतो. याला एक्सचे पुनर्सक्रियण म्हणतात. त्याच पेशींपासून पुन्हा त्वचा किंवा चेतापेशी तयार होऊ लागल्या की एक एक्स परत बंद होतो.

माणसाच्या पेशींत मात्र नेहमीच्या पद्धतीने बंद एक्स बहुधा बंदच राहतो. पेशी फार दिवस वाढवल्या तर काही वेळा कुलूप सैल होते आणि थोडीच जनुके अर्धवट चालू होतात. हे खरे पुनर्सक्रियण नव्हे. प्रयोगशाळेत खास परिस्थिती निर्माण करून पेशी आणखी आरंभीच्या अवस्थेत नेल्या, तरच माणसाचे दोन्ही एक्स चालू झालेले दिसतात.

याचा आपल्याला काय उपयोग?

एकाच मुलीच्या त्वचेपासून स्टेम सेलचे दोन प्रकारचे गट मिळू शकतात: एकात चांगले एमईसीपी२ चालू, दुसऱ्यात बिघडलेले. बाकी सर्व जनुके सारखीच. त्यांपासून चेतापेशी बनवून आजार नेमका कुठे नुकसान करतो हे पाहता येते आणि औषधे तपासता येतात. कुलूप सैल झालेल्या पेशी वापरल्या तर निष्कर्ष चुकू शकतात, म्हणून ते आधी तपासावे लागते.

२००७ मध्ये आजारी उंदरांत हे जनुक पुन्हा चालू केल्यावर लक्षणे बरीच मागे हटली. आशेला आधार आहे तो हाच. पण शरीरातील पूर्ण एक्स जागा करणे धोक्याचे ठरेल, कारण इतर जनुकांचे कामही वाढेल. एमईसीपी२ जास्त झाले तरी मेंदूचा गंभीर आजार होतो. त्यामुळे फक्त हवे तेच जनुक, हवे तेवढेच चालू करण्याचे संशोधन सुरू आहे.

आज काय करावे?

रेट सिंड्रोमसाठी स्टेम सेलचा मान्यताप्राप्त उपचार आज उपलब्ध नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारांत स्टेम सेल केवळ मंजूर संशोधनातच वापरता येतात. कोणी पैसे घेऊन इंजेक्शन देऊ करत असेल, तर नैतिक समितीची मंजुरी आणि चाचणीची नोंदणी दाखवायला सांगा. मंजूर चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून शुल्क घेतले जात नाही.

दरम्यान फिट्सवर उपचार, पोषण, फिजिओथेरपी, पाठीच्या कण्याची तपासणी आणि ईसीजी नियमित होऊ द्या. पुढच्या बाळाचा विचार असेल, तर आधी जनुकीय समुपदेशन घ्या. मुलगी बोलत नसली तरी तिला समजत असते. नजरेने उत्तर देण्याची संधी तिला रोज द्या.