शिरूर-दौंडचे दप्तर

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस घोडनदीच्या काठचे शिरूर आणि भीमेच्या काठचे दौंड हे तालुके शेजारी असले, तरी एकाचे तोंड नगरच्या रस्त्याकडे आणि दुसऱ्याचे सोलापूरच्या लोहमार्गाकडे. तथापि जमिनीच्या कागदाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास दोहोंना एकाच रुमालात बांधावे लागते. आजचा दौंड पूर्वीच्या भीमथडीत मोडे, जिच्या तट्टांची कीर्ती अजून लोकांच्या तोंडी आहे, आणि शिरूरकडील पाबळाच्या नावाचा एके काळी स्वतंत्र तालुका होता. रयतेच्या हाती द्यावयाचा कागद किती सुबोध असावा, हा प्रश्न या मुलखाने जितक्या वेळा आणि जितकी किंमत मोजून सोडवून पाहिला, तितका दुसऱ्या कोणी क्वचितच पाहिला असेल.

पेशवाई बुडाल्यानंतर थोड्याच वर्षांत कंपनी सरकारने दख्खनच्या पाहणीचे काम प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याकडे सोपवले. प्रिंगल विद्वान होता, आणि त्याची विद्वत्ता हेच रयतेचे दुर्दैव ठरले. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा खंडविषयक सिद्धांत प्रमाण मानून त्याने प्रत्येक प्रतीच्या जमिनीत पीक किती येते, मशागतीस खर्च किती लागतो आणि तो वजा जाता निव्वळ उत्पन्न किती उरते, याचे सूक्ष्म गणित मांडले आणि त्या उत्पन्नाचा ५५ टक्के हिस्सा सरकारचा ठरवला. १८३० मध्ये शेजारच्या इंदापुरात हा साऱ्याचा आकार लागू झाला. गणिताची एकही पायरी शेतकऱ्यास पडताळून पाहता येण्याजोगी नसल्यामुळे आकडे जमवणाऱ्या कारकुनांस रान मोकळे मिळाले. जमिनी पडीक राहिल्या आणि कित्येक कुटुंबे गाव सोडून गेली.

१८३५ मध्ये कंपनीच्याच गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या अधिकाऱ्यांनी हे सारे गणित बाजूस सारून जमिनीची जी प्रतबंदी आखली, तिचे मला आजही कौतुक वाटते. प्रतबंदी करणारा कारकून शेताचा कच्चा नकाशा काढून त्याचे चौकोनी भाग पाडी, मातीची खोली हाताने मोजी, आणि पावणेदोन हात खोल उत्तम मातीस सोळा आणे धरून तेथून चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन असे उतरत नवव्या प्रतीस दोन आण्यांवर आणून सोडी. चुनखडीची मिसळ, वाळू, उतार असले दोष त्या चौकोनातच लहानलहान खुणांनी दाखवले जात, आणि एका खुणेमागे जमीन एक प्रत खाली उतरे. पेरणीला हात आणि बाजारात आणे वापरणाऱ्या कुणब्यास आपल्या शेताची प्रत का घसरली हे बांधावर उभे राहून विचारता येई, आणि उत्तर त्याच्या पायाखालीच असे. इंदापुरानंतर भीमथडी आणि पाबळ याच पद्धतीखाली आले, आणि पाहणी अधिकाऱ्यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला कायम स्वरूप दिले.

परंतु सुटसुटीतपणाचा लाभ नेहमी ज्याच्यासाठी योजावा त्यालाच होतो असे नाही. नंबर, क्षेत्र आणि आकार इतक्या स्वच्छपणे लिहिलेली जमीन गहाण टाकण्यासही तितकीच सोयीची झाली. सरकारचा कागद सोपा होत असता सावकाराचे कर्जखत मात्र पूर्वीइतकेच दुर्बोध राहिले. त्याचा मजकूर दुसऱ्याने लिहावा, व्याज दुसऱ्याने जोडावे आणि शेतकऱ्याने खाली नांगराची निशाणी तेवढी करावी, अशी वहिवाट होती. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे गावाने सावकारावर बहिष्कार घातला, आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुप्याच्या बाजारात दंगा उसळून त्याची झळ शिरूरच्या गावांपर्यंत पोहोचली. जमावाची मागणी खतपत्रांची आणि हुकूमनाम्यांची होती. बहुतेक ठिकाणी सावकाराच्या जिवास धक्का न लावता त्याचे कागद तेवढे हिसकावून जाळण्यात आले. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने खत ग्रामनिबंधकासमोर लिहिण्याची सक्ती केली आणि खतामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास दिला.

१९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, तिच्यातून पुढे गाव नमुने सिद्ध झाले आणि त्यांतील सातवा व बारावा यांची जोडी शेतकऱ्याच्या बोलण्यात सातबारा होऊन बसली. हा उतारा १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीसह घरबसल्या मिळू लागला. २०२० मध्ये त्याची मांडणी बदलली, तेव्हा खातेदाराच्या नावासमोर खाते क्रमांक आला, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीख यांस जागा मिळाली आणि दोन खातेदारांच्या नावांमध्ये तुटक रेघ आली. भावाभावांची नावे एकमेकांत मिसळून कोणाचे क्षेत्र कोणापुढे हे कळेनासे झालेला उतारा ज्याने पाहिला आहे, त्यालाच या रेघेचे मोल कळेल. ज्याने ती सुचवली त्याला विंगेटच्या पंक्तीस बसवावे, असे माझे मत आहे.

उतारा घरबसल्या मिळतो, मग शेतकरी अजून सेवा केंद्राच्या बाकावर का बसतो? कारण कागद सोपा झाला, पण त्याच्यापर्यंत नेणारी वाट झाली नाही. उताऱ्याचे संकेतस्थळ प्रथम जिल्हा, तालुका आणि गाव विचारते, येथपर्यंत ठीक. पुढे गट क्रमांक विचारते, आणि येथे वयोवृद्ध खातेदार अडतो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यान्वये झालेल्या एकत्रीकरणात येथील गावोगावच्या जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले, परंतु वडिलांच्या तोंडून ऐकलेला नंबर घराघरांत जुनाच राहिला. तो टाकला की भलत्याच शेताचा उतारा समोर येतो. नावाने शोधावे, तर दप्तरात वडिलांचे नाव ज्या ऱ्हस्वदीर्घाने पडले असेल तेच ऱ्हस्वदीर्घ टंकावे लागते. शेवटी केंद्रातला मुलगा चार आकडे घालून पाहतो, आणि त्याच्या बोटांवर विसंबण्याखेरीज खातेदारापुढे मार्ग उरत नाही. वस्तुतः जुना नंबर आणि नवा गट यांची जोडी एकत्रीकरणाच्या पत्रकांत गावनिहाय लिहिलेली आहे. ती पडद्यावर आणून गट क्रमांकाच्याच रकान्यात आजोबांच्या तोंडचा नंबर चालू द्यावा, एवढे एक काम महसूल खात्याने करण्यासारखे आहे.