कोयता, कारखाना आणि मुंडे

गोपीनाथ मुंडे 1978 मध्ये बीड जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि 3 जून 2014 रोजी दिल्लीतल्या अपघातात गेले. या 36 वर्षांत सत्ता त्यांच्या वाट्याला आली पाच वर्षांहूनही कमी. 1995 ते 1999 राज्याचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री, आणि अखेरीस केंद्रात ग्रामविकास मंत्री म्हणून जेमतेम आठ दिवस. बाकीचं राजकारण बहुतेक सगळं विरोधात गेलं. तरी बीडमध्ये आजही नुसतं ‘साहेब’ म्हटलं तरी कोण ते विचारावं लागत नाही. हे कसं घडलं?

परळीजवळच्या नाथ्रा गावात 1949 मध्ये शेतकरी घरात जन्म. अंबाजोगाईला कॉलेजात प्रमोद महाजन भेटले, विद्यार्थी परिषद आली, आणीबाणीत तुरुंगवास झाला. 1980 मध्ये भाजप स्थापन झाला आणि त्याच वर्षी मुंडे रेणापूरमधून आमदार झाले. 1985 ला मात्र पडले. पक्षाच्याही राज्यात फक्त 16 जागा आल्या. तरीही पुढच्याच वर्षी या पडलेल्या उमेदवाराला पक्षाने प्रदेशाध्यक्ष केलं.

त्यामागे गणित होतं. भाजपला तेव्हा ‘शेटजी-भटजींचा पक्ष’ म्हणत. वसंतराव भागवतांनी त्यावर उपाय काढला तो ‘माधव’: माळी, धनगर, वंजारी. मराठवाड्यातला, वंजारी समाजातला, सभा गाजवणारा मुंडे हा त्या गणिताचा चेहरा ठरला. 1990 मध्ये 16 च्या 42 जागा झाल्या. डिसेंबर 1991 मध्ये भुजबळांनी शिवसेना फोडली, सेनेचं संख्याबळ घटलं आणि विरोधी पक्षनेतेपद मुंडेंकडे आलं. मग शरद पवारांवर आरोपांची राळ, संघर्षयात्रा, आणि 1995 मध्ये भाजपच्या 65 जागा. युतीचं सरकार आलं.

पण बीडमधला ‘साहेब’ घडला तो विधानसभेच्या बाहेर, उसाच्या फडाच्या राजकारणात.

दसरा-दिवाळीनंतर बीडमधली गावं रिकामी होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जाऊन ती ऊस तोडून फेडायची. तोडणीचा दर किती, हा या लाखो लोकांच्या जगण्याचा प्रश्न. तो सुटायचा ‘पवार-मुंडे लवादा’त. एका बाजूला कारखान्यांचे पवार, दुसऱ्या बाजूला मजुरांचे मुंडे. सभेत एकमेकांवर तुटून पडणारे दोघे इथे समोरासमोर बसून दर ठरवत. ज्या माणसाला गावच्या सावकारासमोर बोलता येत नव्हतं, त्याच्या वतीने पवारांशी बोलणारा कुणीतरी होता. भगवानगडावरच्या दसरा मेळाव्याची गर्दी या भरवशातून यायची.

आता दुसरी बाजू. याच मुंडेंनी परळीजवळ पांगरीला वैद्यनाथ साखर कारखाना उभा केला. म्हणजे मजुरांचा नेता स्वतःही कारखानदार. जिल्ह्यात कारखाना असावा ही मागणी रास्तच होती, पण लवादात बसणाऱ्या माणसाचे पाय दोन्ही बाजूंना होते हे नाकारता येत नाही. त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले तेही याच कारखान्याच्या आवारात.

त्यांच्यानंतर ऑक्टोबर 2014 च्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे 6 लाख 96 हजारांच्या मताधिक्याने जिंकल्या. लवादातली मजुरांची खुर्ची पंकजा मुंडेंकडे आली. 2019 ला परळीत पंकजांना चुलतभाऊ धनंजय यांनी हरवलं. साहेबांचा वारसा कुणाचा, यावर जिल्हा वर्षानुवर्षं भांडत राहिला.

त्याच 2019 मध्ये नीलम गोऱ्हे समितीपुढे बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. पुढे ऊसतोड कामगारांसाठी मुंडेंच्या नावाने महामंडळही झालं. पण कोयत्याची ताकद एका माणसाच्या शब्दावर उभी राहिली. त्याच्यामागे टिकेल अशी मजुरांची स्वतःची, एकसंध संघटना उभी राहिली नाही. पक्ष 16 वरून 65 वर नेणाऱ्या माणसाला संघटना कशी बांधतात हे ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. पक्षासाठी जे बांधलं ते फडावर का बांधलं गेलं नाही, हे बीडच्या पोरांनी विचारायला हवं. वारसा खरा सांगायचा असेल तर तिथूनच सुरुवात होते.